पाच लाखांचे कार्ड आणि त्यामागचा पैसा
ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याला निधी कुठून येतो, कुठे अडतो आणि आपल्या वस्त्यांवर त्याचा काय परिणाम होतो

गेल्या वर्षभरात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या आपल्या बहुतेक वस्त्यांवर आयुष्मान कार्डाची शिबिरे झाली. पुष्कळ आजी-आजोबांच्या हातात कार्ड आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, रेशन कार्डाबरोबर ते जपून ठेवलेले दिसते. परंतु कार्ड हातात आल्यावर जे प्रश्न विचारले जातात ते शिबिरात कोणी सांगितलेले नसतात. "हे पाच लाख आमच्या खात्यात येणार का?" "दवाखान्याने नाही म्हटले तर?" "बीपीची गोळी यातून मिळेल का?" काही सुशिक्षित वाचकही विचारतात की सरकार सगळ्यांना पाच लाख देणार असेल, तर एवढा पैसा आणणार कुठून?

हे सगळे प्रश्न एकाच गोष्टीशी जोडलेले आहेत. कार्ड हे एक वचन आहे. ते पाळायचे तर कुणीतरी, कधीतरी, कुणाला तरी पैसे द्यावे लागतात. तो पैसा कसा फिरतो हे समजले, की वचन कुठे पाळले जाते आणि कुठे अडते हेही समजते. म्हणून या अंकात हा हिशेब जरा सविस्तर मांडत आहे.

योजना कोणत्या आणि कशा आल्या

महाराष्ट्रात गरीब कुटुंबांसाठी रुग्णालयातील उपचारांची मोठी योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना असे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याकडेही आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळे व केशरी रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत होते.

केंद्र सरकारची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची मर्यादा होती, पण लाभार्थी ठरले ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीवरून. त्या यादीत आपल्या कित्येक वस्त्यांमधली नावे नव्हती. पाहणी झाली तेव्हा माणसे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेली होती, घराला कुलूप नव्हते आणि घरात माणूसही नव्हते.

पुढे राज्य सरकारने २०२३ मध्ये दोन्ही योजना एकत्र करून राज्यातील सर्व रेशन कार्डधारक व अधिवासी कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. उपचारांची संख्या १,३५६ झाली. त्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी आणखी एक निर्णय घेतला. वय वर्षे ७० आणि त्यापुढील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचे संरक्षण मिळेल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळू लागले.

ज्या घराला आधीच आयुष्मान योजनेचे संरक्षण आहे, त्या घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला हे पाच लाख वेगळे मिळतात. घरातल्या तरुणांबरोबर ते वाटून घ्यावे लागत नाहीत. मात्र घरात सत्तरीपुढचे दोघे असतील, तर दोघांत मिळून पाच लाख. जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही आणि थांबायचा काळही नाही. बाजारातल्या विम्यात सत्तरीच्या माणसाला इतक्या सहज कोणी घेत नाही. तेव्हा योजना चांगली आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो तिच्या निधीचा.

पैसा कुठून येतो

या कार्डासाठी आपण हप्ता भरत नाही. पैसा येतो तो सरकारच्या करातून. वस्तीवरची आजी साबण घेते, मुलगा मोबाइलचे रिचार्ज मारतो, तेव्हा त्यात कर असतोच. म्हणजे हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही. तो आपल्या सगळ्यांच्या खिशातून गेलेला आहे.

केंद्राच्या योजनेचा खर्च महाराष्ट्रात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतला जातो. पण केंद्राचा हिस्सा मिळतो तो केंद्राच्या नियमात बसणाऱ्या लाभार्थ्यांसाठीच. राज्याने योजना सर्वांना खुली केली, तेव्हा केंद्राच्या यादीबाहेरच्या कुटुंबांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. त्याच तिजोरीतून शाळा, रस्ते, पाणी, पेन्शन आणि बाकीच्या सगळ्या योजनाही चालतात.

रुग्णालयापर्यंत पैसा पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला विम्याचा. यात सरकार दर कुटुंबामागे ठरलेला हप्ता विमा कंपनीला देते आणि बिले कंपनी भागवते. बिले कमी आली तर कंपनीच्या हातात पैसे उरतात, जास्त आली तर पुढच्या करारात ती हप्ता वाढवून मागते. दुसरा मार्ग हमीचा. यात कंपनी मध्ये नसते, सरकारी संस्थाच रुग्णालयाचे बिल थेट देते. यात मधला नफा वाचतो. परंतु खर्च अंदाजापेक्षा वाढला तर तो सगळा सरकारवर येतो आणि बिले थकण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्राने सुरुवात विम्याने केली आणि नंतर दोन्ही मार्गांचा मेळ घातला. हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते.

पाच लाख ही मर्यादा आहे, रक्कम नव्हे

इथे सर्वांत मोठा गैरसमज होतो. पाच लाख म्हणजे कुणाच्या नावावर ठेवलेली ठेव नाही. उपचार लागले तर इथपर्यंतचा खर्च केला जाईल, अशी ती वरची रेघ आहे.

सरकारच्याच आकड्यांनी पाहू. सत्तरीपुढच्यांची योजना जाहीर करताना सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना लाभ होईल असे सांगण्यात आले आणि सुरुवातीचा खर्च ३,४३७ कोटी रुपये धरण्यात आला. भागाकार करा. माणशी साधारण ५७३ रुपये येतात. कार्डावर लिहिले आहे पाच लाख आणि त्यामागे सुरुवातीला धरलेले आहेत माणशी पावणेसहाशेच्या आतले.

यात फसवणूक आहे असे नाही. विमा असाच चालतो. शंभर माणसांत एका वर्षी थोडीच दाखल होतात आणि त्यांचा खर्च सगळ्यांच्या पैशातून निघतो. मागणी वाढेल तशी तरतूद वाढवू, असेही सरकारने म्हटले आहे. तरीही हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सगळ्यांनी कार्ड काढले आणि सगळ्यांना ते कसे वापरायचे हे कळले, तर खर्च वाढणार. म्हणजे योजना लोकांपर्यंत जितकी चांगली पोहोचेल तितका पैसा जास्त लागेल. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संपूर्ण आयुष्मान योजनेसाठी ९,४०६ कोटी रुपये ठेवले होते. रक्कम आधीच्या वर्षापेक्षा वाढलेली आहे, पण ती देशभरातल्या सर्व वयाच्या लाभार्थ्यांसाठी आहे.

म्हातारपणाचा विमा महाग का पडतो

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात शंभर कुटुंबे आहेत आणि दर घरामागे सरकार हजार रुपये भरते. एक लाख रुपये जमले. गाव तरुण असेल, तर वर्षात दोनच माणसे दाखल होतील. प्रत्येकी चाळीस हजार धरले तरी ऐंशी हजारांत भागेल. आता त्या गावातली तरुण मुले मुंबई-पुण्याला गेली आणि मागे म्हातारी माणसे राहिली, असे समजा. वर्षात पाच जण दाखल होतील. खर्च दोन लाख. हप्ता दुप्पट केल्याशिवाय हिशेब जुळणार नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत हे चित्र काही कल्पित नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला माथाडी कामाला गेली. खानापूर, आटपाडीकडची माणसे सोने-चांदीच्या गलाई कामासाठी देशभर पसरली. गावात दिवसा फिरलात तर पारावर आणि देवळात पांढरी डोकीच जास्त दिसतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे १० कोटींहून थोडी अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ च्या अहवालात २०५० पर्यंत ती सुमारे ३४ कोटी ७० लाख होतील, असा अंदाज दिला आहे.

आणि म्हातारपणी आजार एकटा येत नाही. भारतातील ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीत, जिला लासी म्हणतात, २०१७-१८ मध्ये असे आढळले की साठीपुढच्या दर चौघांपैकी तिघांना एक ना एक दीर्घकाळचा आजार आहे. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, दमा, डोळे. त्याच पाहणीत आरोग्य विमा असलेले ज्येष्ठ शंभरात फक्त अठराच्या आसपास होते.

श्रीमंत देशांनाही हा हिशेब सोपा गेलेला नाही. जपानने १९७३ मध्ये ज्येष्ठांचे उपचार मोफत केले. खर्च इतका वाढला की दहा वर्षांत थोडी रक्कम रुग्णाकडून घेणे सुरू करावे लागले. २००८ पासून तिथे ७५ वर्षांपुढच्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे. तिचा साधारण निम्मा पैसा करातून, चार दशांश तरुण कामकऱ्यांच्या वर्गणीतून आणि एक दशांश ज्येष्ठांच्या स्वतःच्या वर्गणीतून येतो. भार कुणी किती उचलायचा, हे तिथे आकड्यांत लिहून ठेवलेले आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोक असंघटित कामात आहेत, त्यांच्या पगारातून वर्गणी कापता येत नाही. त्यामुळे आपला मार्ग कराचाच राहणार आणि सरकारने दरवर्षी किती कर इकडे वळवायचा, हाच खरा प्रश्न राहणार.

बिल थकले की काय होते

प्रत्येक उपचाराला सरकारने दर ठरवून दिला आहे. त्याला पॅकेज म्हणतात. त्यात खाटेचे भाडे, शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे, जेवण सगळे धरलेले असते. केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावरचे पंधरा दिवस यांतला उपचाराशी संबंधित खर्चही धरतात. रुग्णालयाने रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे.

दर ठरवून देणे योग्यच आहे, नाहीतर बिलांना धरबंद राहणार नाही. परंतु दर फार कमी असला तर रुग्णालय तो उपचार करायला नाखूश असते. वृद्धांच्या बाबतीत हे जास्त जाणवते. चाळिशीतला माणूस हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत घरी जातो. पंच्याहत्तरीच्या आजीला साखर आटोक्यात आणायलाच चार दिवस लागतात आणि जखम भरायला आणखी आठ. शस्त्रक्रियेचा दर मात्र दोघांनाही बहुधा तोच. जास्तीचे दिवस रुग्णालयाच्या पदरचे.

दुसरी अडचण वेळेची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राज्यातल्या राज्यातले बिल पंधरा दिवसांत भागवायचे असते. तसे ते नेहमी होत नाही. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी रुग्णालयांनी थकीत बिलांमुळे आयुष्मानची सेवाच थांबवली होती. मोठे रुग्णालय महिनाभर थांबू शकते. वीस-पंचवीस खाटांचे तालुक्याचे रुग्णालय थांबू शकत नाही, त्याला परिचारिकांचे पगार आणि औषधवाल्याचे बिल दर महिन्याला द्यायचे असते. मिशनच्या रुग्णालयांनाही हा ताण नवा नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले तेव्हापासून आपल्या भागात धर्मादाय रुग्णालयांची परंपरा आहे. अशा रुग्णालयांकडे पाठीशी मोठे भांडवल नसते. येणाऱ्या पैशातूनच पुढचा रुग्ण पाहायचा असतो.

लहान रुग्णालय योजनेतून बाहेर पडले, तर मिरज, सांगली, कराड किंवा सातारा शहरातल्या माणसाचे फारसे अडत नाही. तिथे दुसरे रुग्णालय मिळते. अडते ते कोयनेच्या पलीकडच्या वाडीतल्या माणसाचे आणि जतच्या पूर्व भागातल्या माणसाचे. त्याच्यासाठी योजनेतले सर्वांत जवळचे रुग्णालय आणखी एक एसटी लांब जाते. म्हणून निधीची टंचाई सगळ्यांवर सारखी पडत नाही. ती आधी टोकाच्या माणसावर पडते.

कार्डात न बसणारा खर्च

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण तपासणी, रोजची गोळी, चष्मा, कवळी, काठी, कानाचे यंत्र, घरी करावी लागणारी सेवा यांतले काही त्यात बसत नाही. आणि ज्येष्ठांचा रोजचा खर्च नेमका हाच आहे. एका वस्तीवरच्या आजी मला म्हणाल्या, "ताई, मरायला टेकले तर कार्ड चालतंय. मरायला टेकू नये म्हणून काय चालतंय?" योजनेतली उणीव याहून नेमक्या शब्दांत मला मांडता येणार नाही.

रक्तदाबाची गोळी तीन महिने चुकली की पक्षाघात होऊ शकतो. मग कार्ड चालते आणि सरकार हजारो रुपये भरते. आजोबा मात्र पुन्हा उठत नाहीत. गोळीचा खर्च सरकारने आधी केला असता तर पुढचा मोठा खर्चही वाचला असता. हे न कळण्यासारखे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच म्हटले आहे की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला जावा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे. तरी शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून घरचेच जातात.

घरात येणारे पैसे किती, तेही पाहा. राज्यात निराधार ज्येष्ठाला श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी महिना २०० रुपयेच आहे आणि तो अनेक वर्षे वाढलेला नाही. दीड हजारात तेल-मीठ, गोळ्या आणि तालुक्याला जायचे-यायचे भाडे बसवायचे. सोबत येणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा रोज बुडतो तो वेगळाच.

सत्तरीची अट आणि आपली माणसे

हे वार्तापत्र आदिवासी कल्याणासाठी आहे, म्हणून हा मुद्दा स्पष्टपणे मांडायला हवा. वयाची अट कागदावर सगळ्यांना सारखी आहे. आयुष्य मात्र सगळ्यांना सारखे मिळत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आदिवासी आरोग्यावरचा अहवाल २०१८ मध्ये सादर केला. त्यात देशातल्या आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे आणि सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे असे दिले आहे. जावळी, वाई, महाबळेश्वर भागातल्या कातकरी वस्त्यांवर किंवा सांगली जिल्ह्यातल्या पारध्यांच्या पालांवर सत्तरी ओलांडलेली माणसे बोटांवर मोजावी लागतात. कष्टाने पन्नाशीतच माणूस म्हातारा दिसू लागतो. ज्येष्ठांसाठी ठेवलेला पैसा सत्तरीपासून मिळणार असेल, तर जास्त जगणाऱ्यांना तो जास्त मिळणार आणि कमी जगणाऱ्यांना कमी. कोणी ठरवून केले नाही, पण परिणाम असा होतो.

साठ ते सत्तरच्या मधल्या माणसाला वेगळे संरक्षण नाही. त्याला कुटुंबाच्या पाच लाखांतच राहावे लागते आणि त्यासाठी रेशन कार्डात नाव लागते. इथे दुसरी अडचण येते. मुलगा वेगळा झाला, कार्ड फोडले, म्हाताऱ्याचे नाव कोणत्याच कार्डावर राहिले नाही, असे आपण कितीतरी वेळा पाहतो.

तिसरी अडचण वयाच्या नोंदीची. वय वंदना कार्डासाठी वय ठरते ते आधारवरून. आपल्या जुन्या माणसांचा जन्म कुठे नोंदलेला नाही. आधार काढताना समोरच्याने चेहरा पाहून वय लिहिले आणि तारीख टाकली १ जानेवारी. त्या अंदाजात पाच-सात वर्षांची चूक सहज होते. मोठ्या दुष्काळाच्या वेळी, म्हणजे १९७२ साली, ज्याला दोन लेकरे होती त्याचे वय आज आधारवर बासष्ट दिसत असेल, तर हिशेब उघड चुकलेला आहे. पण संगणकाला दुष्काळ कळत नाही.

या अडचणींचा निधीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा की जो माणूस यादीत नाही त्याच्यावर खर्च होत नाही. खर्च झाला नाही की इथे मागणीच नाही असे दिसते. आणि मागणी नाही म्हटले की पुढच्या वर्षीची तरतूद दुसरीकडे जाते.

मग काय मागायला हवे

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. कोविडच्या काळातल्या, म्हणजे २०२१-२२ च्या लेख्यांत तो १.८४ टक्के होता. म्हणजे मूळ तरतूदच वाढायला हवी. पण नुसती रक्कम वाढवून भागणार नाही, ती कुठे जाते हेही पाहावे लागेल.

थायलंड आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा देश. त्याने २००२ मध्ये सर्वांसाठी करातून चालणारी योजना आणली. तिथे स्थानिक रुग्णालयाला त्याच्या भागातल्या दर माणसामागे ठरावीक रक्कम मिळते आणि बाह्यरुग्ण तपासणी व औषधे त्यातच येतात. माणूस आजारी पडला तरच पैसे, अशी अट नसल्यामुळे त्याला बरे ठेवण्यात रुग्णालयाचाही फायदा असतो.

आपल्याला चार गोष्टी मागता येतील. पहिली, ज्येष्ठांची रक्तदाब, मधुमेह आणि दम्याची औषधे उपकेंद्रात बाराही महिने मिळावीत आणि त्यासाठी वेगळी तरतूद असावी. दुसरी, रुग्णालयांची बिले ठरल्या मुदतीत द्यावीत, लहान आणि दुर्गम भागातल्या रुग्णालयांची आधी. तिसरी, आदिवासींसाठी, निदान कातकऱ्यांसारख्या अतिमागास आदिवासी जमातींसाठी, सत्तरीची अट साठीवर आणावी. अशा लोकांची संख्या कमी असल्याने त्याचा भारही मोठा होणार नाही. चौथी, आधारवर वयाची चूक असेल तर ग्रामसभेच्या ठरावाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्याला वजन मिळावे.

तोवर आपण काय करू शकतो

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल. आजी-आजोबांना तेवढा वेळ नाही. म्हणून हाताशी असलेली कामे लगेच करू या.

१. आपल्या वस्तीवरच्या साठीपुढच्या प्रत्येकाची यादी करा. नाव, आधारवरचे वय, रेशन कार्डात नाव आहे की नाही, कार्ड निघाले की नाही, रोज कोणती गोळी लागते, एवढे लिहा. ही यादी आशाताईंना आणि ग्रामपंचायतीला द्या.

२. रेशन कार्डात नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. दवाखान्याची गरज पडेपर्यंत थांबू नका.

३. बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून कार्ड नाकारले, तर परत येऊ नका. चेहऱ्यावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवरूनही ओळख पटवता येते.

४. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. उपचार योजनेत बसतो का, हे दाखल होण्याआधी विचारा. योजनेत बसलेल्या उपचारासाठी पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. राज्य योजनेचे क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत, आयुष्मानचा १४५५५. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आणि रुग्णवाहिका १०८.

५. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. रोजच्या गोळ्यांसाठी आधी तिथे जा. गोळी शिल्लक नसेल तर तसे लिहून घ्या, कोणत्या तारखेला कोणती गोळी मिळाली नाही ते. अशा महिनाभराच्या नोंदी घेऊन ग्रामसभेत उभे राहिलात, तर तो पुरावा होतो.

६. जे वाचक देणगी देऊ इच्छितात त्यांना एक विनंती. शस्त्रक्रियेचा खर्च पुष्कळदा कार्डातून निघतो. निघत नाही ते एसटीचे भाडे, सोबत्याचा बुडालेला रोज आणि महिन्याच्या गोळ्या. आपली छोटी देणगी तिथे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सरकारी योजना आपल्याशिवायही चालेल. पण ती कोणापर्यंत पोहोचली आणि कोणापर्यंत नाही, हे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दिसत नाही, ते वस्तीवर दिसते. पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक केंद्राने आपल्या भागातली यादी पूर्ण करून पाठवावी. सातारा आणि सांगलीच्या याद्या एकत्र झाल्या, की त्या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना देऊ आणि तिथून काय उत्तर येते ते याच पानावर कळवू.